उशाचं पाणी

सुगंधा : ...तं मी म्हणली, माय, हे बाज हाय का पिंजरा! लोखंडाची, आशा, सगळीच्या सगळी लोखंडाची! हात लावला का किर्रर करे. वयनी तिच्यावर पडली तं भेवानं हलेच नाई, म्हणे मोडीन. अन् वरतून पांढरीझक चादर, अन् बाहेर दवाखान्याची पाटी रंगवून राह्यले होते. मायनं इचारलं काय लिवता गा भाऊ, तं म्हणे आंधी मध्यप्रदेश होतं, आता मुंबई राज्य लिवतो. तं माय मले म्हणते, बाप्पा, आपण मुंबईले आलो काय वं बंडीनं?

आशा : हळू बोल. आत्ताच लागला हा अंगाले. माह्या पोट्टीले पाजून निजवली तं याचं सुरू. तुह्या वयनीचा लेक लगित खादाड हाय, सांगून ठेवते.

सुगंधा : दे मले, मी घेते जराशी.

आशा : तुह्याजवळ काय हाय त्याले द्याले? बस तिथी. अन् बाज राहू दे, पाटी राहू दे. वच्छी कशी हाय थे सांग. तू एकटीच सकाळी नदी उतरून आली, तुहा दादा बंडी जुंपाले धावला, मले कोनी काई सांगत नाई. याले दूध मी पाजून राह्यली अन् याच्या मायची खबर मलेच नाई?

सुगंधा : सांगतेच तं हाव! पण पह्यलेपासून सांगू दे वं. मधातून सांगतलं तं माह्या तोंडातून निघतच नाई.

आशा : बरं बाई. पह्यलेपासून सांग.

सुगंधा : आमी इथून गेलो तवा वयनीचं अंग कसं होतं, तुलेही ठाऊक हाय.

आशा : ठाऊक नाई तं काय. पाचवी पुजली अन् हुडहुडी भरली तिले. तिच्या कुशीतून याले मीच उचलला. तवा असं भाजत होतं अंगावरचं लुगडं, जसं काई चुलीपासचं.

सुगंधा : हां. तं डाक्टरनं पाह्यलं. डाक्टर म्हणजे पोट्टाच हाय, आशा, मिशीही धड फुटली नाई त्याले. कानात नळी घातली, पोट दाबून पाह्यलं, वयनीच्या तोंडात काचेची काडी देल्ली. माय म्हणे चावू नोको वं, काच हाय. मंग डाक्टर म्हणे, बाळंताचा ताप हाय, विष चढलं अंगात, उशीर केला तुमी. पण औषध हाय म्हणे. पांढऱ्या गोळ्या, चिंचोक्याएवढ्या! सल्फाच्या. माय म्हणे, सुई नाई देत काय? सुई पाह्यजे होती तिले. डाक्टर म्हणे सुईच्या वरताण हाय ह्या. अन् संगं एक पुडी देल्ली, त्याच्यातली चिमूट चिमूट द्याची. मायनं चाखून पाह्यली अन् माह्या कानात म्हणते, अवं हा तं पापडाचा सोडा! पदराले गाठ मारून ठेवला. म्हणे, घरी गेल्यावर पापडाले होईन.

आशा : तुही माय म्हणजे!

सुगंधा : हासू नोको.

आशा : तूच सांगून राह्यली अन् हासू नोको म्हणते?

सुगंधा : मीही तवा हासली ना. लगित हासली. ऐक. मंग डाक्टर जाता-जाता म्हणे, हिले पाणी भरपूर पाजजो. बस. इतकंच म्हणला अन् गेला, रांग लागली होती बाहेर. मंग तिथली सिस्टर, मद्राशी बाई हाय, अर्धी हिंदी बोलते, तिनं पितळेचा गुंड पाण्यानं भरून वयनीच्या उशाशी ठेवला. म्हणे, अम्मा, ये सब पानी खतम होना. शाम को मैं देखूंगी.

आशा : गुंडभर? बाळंतिणीले?

सुगंधा : गुंडभर.

आशा : ओल्या बाळंतिणीले गुंडभर पाणी? पोट सुटन ना तिचं! अंगात पाणी भरन! मले तं कोरडा भात अन् वावडिंगाचं उकळलेलं घोटभर. सासू मोजून दे. सुगंधे, तुले सांगते, कोनाले बोलजो नोको. मी एक डाव गोठ्यात गेली अन् बैलाच्या डोणीतलं पेली. तोंड घालून. ढोरावानी.

सुगंधा : बाई! तुले काई झालं नाई?

आशा : काय होईन? बैलानं पाह्यलं, बस. मंग? रुखमाबाईनं काय केलं?

सुगंधा : माय काय करीन. तुले ठाऊक हाय ना, तिची मोठी बहीण बाळंतपणात गेली. अशीच तापानं. अन् माय लहान होती, तिनंच तिले पाणी देल्लं होतं गडवाभर, कोनाले न इचारता. तिच्या आईनं मरेपावेतो बोलून दाखवलं, तूच पाजलं, तूच पाजलं. तवापासून मायनं गावात इतके बाळंतपणं केले, पण पाणी म्हणलं का तिचे डोळेच फिरतेत. वयनी म्हणे, आत्याबाई, घसा सुकला, द्या ना घोटभर. माय तिच्या व्हटाले ओला बोळा लावे अन् म्हणे, सोस माय, सोस, लेकरासाठी सोस. तिच्या केसातून हात फिरवे अन् सोस म्हणे.

आशा : अन् सिस्टर? ते तं संध्याकाळी पाहीन म्हणे ना?

सुगंधा : पाहे ना! येऊन गुंड वाकडा करून पाहे. रिकामा! गूड अम्मा, गूड, म्हणे अन् भरून ठेवे. दुसऱ्या दिवशीही रिकामा. मलेही वाटलं, माय पाजून राह्यली असन, दवाखान्यात आलो तं दवाखान्याचं आयकाव लागते. मी तं बाहेर चुलीवर भात रांधो, मले अंदर जास्त वेळ बसूच देत नोते. अन् गोळ्यांनं ताप उतरला, आशा! खरंच उतरला! वयनी उठून बसली, भिताडाले टेकून. म्हणे, सुगंधा, आशाचं दूध पुरते काय वं दोघाले? म्हणे, तिले सांगजो, त्याले डाव्या अंगावर घेतलं का लवकर निजते.

आशा : ...निजते खरा. मंग ताप उतरला तं झालं काय?

सुगंधा : थांब ना! त्याच्या आंधी मायचं सांगाचं हाय. मायचं काय झालं, तिले सारखी मुताले लागे. सारखी! आत्ता जाऊन आली का पुन्हा धावली. वार्डात सगळ्या बाया हासत. बाजूच्या बाजेवर एक नथ्थूची माय म्हणून होती, फार तोंडाळ बाई, ते म्हणे, रुखमाबाई, दवाखान्यामागची बाभूळ औंदा तुमच्यानंच हिरवी राहीन. सिस्टरही म्हणे, अम्मा का ही पेशाब जाँचना पडेगा. अन् मी तं इतकी हासली, इतकी हासली का पोट धरून खाली बसली. मायही हासली वं. पण हासता-हासता एकदम तोंड फिरवलं तिनं. मले तवा काई समजलं नाई.

आशा : ...सुगंधा.

सुगंधा : हां.

आशा : ते पाणी.

सुगंधा : हां.

आशा : रुखमाबाईच पे होती काय थे? सगळं?

सुगंधा : गुंडच्या गुंड. सिस्टर पाठ फिरवे का माय गडवा तोंडाले लावे. पोट फुगून नगाऱ्यावानी झालं होतं तिचं. मले म्हणे वायू झाला.

आशा : पण कायले? फेकून द्याचं ना मोरीत! वट्यावरून ओतून द्याचं!

सुगंधा : तेच तं डाक्टरनंही इचारलं. माय म्हणे, माणूस मेलं का त्याच्या घरातलं भरलेलं पाणी ओतून देतेत. माही सून जिती हाय. तिच्या उशाचं पाणी मी कशी ओतू?

आशा : ...खरं हाय. मीही नसतं ओतलं.

सुगंधा : नाई ना? तूही नसतं ओतलं ना? मीही नसतं ओतलं, आशा. कोनीच नसतं ओतलं.

आशा : पण डाक्टरले कसं माहीत झालं? तू मधातलं गाळून राह्यली. ताप उतरला, वच्छी उठून बसली. मंग?

सुगंधा : मंग तिच्या कमरेत कळ निघाली. कमरेत नाई, वर, बरगडीखाली, दोन्हीकडून. अशी का वयनी बाजेचे गज धरे. अन् लघवी लाल. रक्तावानी. मायनं भांडं पाह्यलं तं तळाशी रेती. बारीक, चमकणारी, गुळात खडा लागते ना तशी हाताले लागे. माय म्हणे वावरातली माती असन. कुठची वावरातली? मंग लाल व्हाचंही बंद झालं. थेंब नाई. वयनी भांड्यावर बसे अन् रडे. काईच नाई ये.

आशा : माय माही.

सुगंधा : सिस्टरनं डाक्टरले आणलं. डाक्टरनं भांडं उजेडात धरलं अन् त्याचं तोंडच उतरलं. मंग फिरला सिस्टरवर. असा बोलला तिले, असा बोलला, इंग्रजीत अन् हिंदीत अन् मराठीत! म्हणे मी सांगतलं होतं पाणी पाज म्हणून, तू पाजलं नाई, तुले काढून टाकतो. ते बिचारी म्हणे, सर, मैंने देखा, रोज बर्तन खाली था. अन् तवा माय उठली. पदर खोचला. तू मायले पाह्यलं हाय ना पाटलासंगं भांडताना? तशी. म्हणे, त्या पोरीले कायले बोलता, डाक्टर? तिचा काई दोष नाई. पाणी मी पेली. ओल्या बाळंतिणीले कोनी पाणी देते काय? तुमच्या मायनं पेलं होतं काय? मी नसती तं तुमी मारलीच असती माह्या सुनेले!

आशा : असं म्हणली?

सुगंधा : असंच. सगळा वार्ड आयकून राह्यला होता. नथ्थूची माय म्हणे, बराबर बोलली रुखमाबाई. मलेही वाटलं, वा माय! अन् डाक्टर ओरडला असता तं बरं झालं असतं. तो खालीच बसला, वयनीच्या बाजेपाशी, जमिनीवर. मंग म्हणे, आजी, तुमी भाजीत मीठ घालता, पाणी असलं तं विरघळते. पाणी आटलं तं काय होते? माय म्हणे, तळाशी बसते. डाक्टर म्हणे, ह्या गोळ्या तशाच हायेत. तापाले मारतेत, पण संगं पाणी नसलं तं आत जाऊन त्याचे खडे होतेत. लघवी जिथी तयार होते ना, त्या दोन्ही गुर्द्यात जाऊन बसले खडे. बंद झाले. ते पाणी औषधासाठी होतं, आजी. तो सोडाही त्याच्याचसाठी होता.

आशा : पापडाचा.

सुगंधा : पदराचीच गाठ सोडली मायनं. सोडा तसाच्या तसा. तिनं तो डाक्टरसमोर धरला. हातावर. मंग म्हणते, हळूच, बाबू, पाज पाज म्हणलं तुमी. काऊन पाजाचं, थे काऊन नाई सांगतलं? मले कारण सांगतलं असतं तं मी नदी आणली असती.

आशा : ...मंग डाक्टर?

सुगंधा : त्याच्या डोळ्यात पाणी आलं होतं. मी पाह्यलं. पोट्टाच तं हाय.

आशा : मंग आता तरी पाजलं ना पाणी? आता देल्लं तं विरघळतीन ना ते खडे? मीठ विरघळतेच ना!

सुगंधा : पाजलं! मायनं पाजलं! तो सोडा टाकून, चमच्या-चमच्यानं, अशी बसली मांडीवर डोकं घेऊन. पे माय, पे राणी, पे माही सोन्याची. वयनी पे! तिले वाटलं आता सगळं ठीक झालं, आत्याबाईनं पाणी देल्लं! हासली ते मले पाहून. दिवसभर पेली. अन् भांडं कोरडं. दुसऱ्या दिवशी तोंड सुजलं. मंग पाय. बोट दाबलं का खड्डा पडे. मंग उलट्या. अन् डाक्टर आला अन् म्हणे... आशा, काय म्हणला असन?

आशा : काय?

सुगंधा : म्हणे, आता पाणी बंद.

आशा : काय?

सुगंधा : बंद! म्हणे, बाहेर निघाची वाटच बंद हाय, जेवढं पाजसान तेवढं तिच्या छातीत भरन, तिचा जीव घाबरन. फक्त व्हट ओले करा. बोळ्यानं. म्हणजे जे माय पह्यले करून राह्यली होती, तेच! तेच करा म्हणे! मायनं त्याचे पाय धरले. म्हणे, बाबू, अशी थट्टा नोको करू, मी मूर्ख बाई हाव, पण आता समजलं मले, आता पाजू दे. तो पाय सोडवे अन् म्हणे, आजी, तवा पाजाचं होतं, आता नाई.

आशा : अन् वच्छी?

सुगंधा : मागते ना. जागी असली का तेच. आत्याबाई पाणी. आत्याबाई पाणी. तिले काय माहीत? तिले वाटते माय अजून तेच करून राह्यली. काल तिनं मायचा हात ढकलला. बोळा फेकला. म्हणे, तुमी माह्या वैरी हा. अन् माय म्हणे, हाव माय, हाव. पण सोस.

आशा : ...याले धर जराशी. मले खोकला आला.

सुगंधा : तू रडून राह्यली.

आशा : धर म्हणते ना. ...दे. मंग आता काय म्हणते डाक्टर? काई तं करत असन. इतका मोठा दवाखाना, लोखंडाच्या बाजा, मुंबई राज्य.

सुगंधा : त्याच्याजवळ काईच नाई वं. त्याच्या हातातच काई नाई. तो येते, भांडं पाहते, अन् जाते. जेवतही नाई म्हणे सिस्टर. गोळ्यांचा डब्बा उचलून कपाटात ठेवला त्यानं, अन् लगेच काढला, काऊन का दुसऱ्या बाजेवर पुन्हा एक बाळंतीण आली तापाची. त्याच गोळ्या द्या लागल्या. दुसऱ्या हाईच नाई. आता तो सोताच बसते गडवा घेऊन तिच्याजवळ.

आशा : थे राहू दे. वच्छीचं बोल.

सुगंधा : नागपूर! नागपूरले नेजो म्हणे. तिथल्या मोठ्या दवाखान्यात खालून नळी टाकून धुतेत म्हणे ते खडे. नागभिडावरून रेल्वे हाय. म्हणून तं मी आली ना दादाले न्याले! दादा बंडी आणते, वयनीले घालतो बंडीत, नागभीड, तिथून रेल्वे. मी रेल्वेत बसली नाई कधी. धुतलं का होते म्हणे मोकळं. कधी कधी होते म्हणे.

आशा : डाक्टर म्हणला?

सुगंधा : परवा म्हणला. काल म्हणला.

आशा : अन् आज?

सुगंधा : आज... आज सकाळी मी निंगाली, तं मी इचारलं, डाक्टरसाहेब, नागपूरले कोन्या गाडीनं? तं तो म्हणे, आंधी तुह्या दादाले आण. मी म्हणली, आणतेच, पण गाडी कोनती? तं तो अंदर निंगून गेला. वयनी तवा झोपली होती. लगित झोपते आता. बोललं तं डोळे उघडते, पण कोनाकडं पाहते समजत नाई. पाणीही नाई मागितलं सकाळी. माय म्हणे, बरं हाय, आराम पडला. मले म्हणे, जाय. दादाले सगळं सांग. मी पेली म्हणून सांग. तू नाई सांगतलं तं मी सांगीन, पण तुह्या तोंडून आयकलं तं त्याले कमी लागन.

आशा : सांगतलं?

सुगंधा : नाई. आली अन् म्हणली, दादा चाल, वयनीले नागपूरले न्याचं हाय. तो इचारतच नाई काई, तो धावलाच. तुले सांगून पाह्यलं, पह्यले तुले. म्हणलं तुले सांगता आलं तं त्याले सांगता येईन. ...आशा, अन् अजून एक. याले द्या लागन मले.

आशा : कोनाले?

सुगंधा : याले. लेकराले. संगं न्याचं हाय. सिस्टर फाटकापावेतो मागं आली माह्या. म्हणे, बच्चे को भी लाना.

आशा : नागपूरले?

सुगंधा : हां. म्हणजे... दवाखान्यात आणजो म्हणे.

आशा : रेल्वेनं नागपूरले नेऊन राह्यले तं वाटेत दूध कोन पाजीन त्याले? मोठ्या दवाखान्यात हिंडवसान काय याले? तिले नेतेत तं याले कायले बोलावलं?

सुगंधा : वयनीनं पाह्यलं नाई ना त्याले. इतक्या दिवसात.

आशा : आल्यावर पाहीन.

सुगंधा : हां.

आशा : सुगंधा. आल्यावर पाहीन ना?

सुगंधा : मले काय इचारते वं! सिस्टर म्हणे आणजो, बस, मी काई इचारलं नाई! तू इचारलं असतं काय? मी आली धावत. नदीत पाणी किती होतं थेही नाई पाह्यलं मी.

आशा : ...बरं. बरं. बस. रडू नोको. मी येते संगं. माही पोट्टी सासूजवळ राहीन, वरचं दूध घेते ते आता. याले मी देत नाई तुह्याजवळ, मी येते याले घेऊन.

सुगंधा : तुही सासू?

आशा : सासूले मी सांगीन. डोळे पूस, तुहा दादा आला. बैलाच्या घुंगराचा आवाज आयक.

सुगंधा : काय सांगू त्याले?

आशा : काईच नोको सांगू. बंडीत बस.

(मुखरू बंडी दारात उभी करून उतरतो.)

मुखरू : चाल वं सुगंधे. आपल्या आळीतल्या गुणवंतरावानं त्याची बैलजोडी देल्ली. माह्या बैलावानी नाई, उन्हाच्या आंधी नदीपार. रात्रीपावेतो नागभीड. दोन गोधड्या घेतल्या, रेल्वेत वारा लागन तिले. अन् मायले भाकर बांधली शेजारच्या काकीनं. मायनं खाल्लं काय काई?

सुगंधा : ...खाते.

मुखरू : नाई खाल्लं असन. मले ठाऊक हाय तिचं. पण माय हाय संगं, म्हणून मले घोर नाई. दुसरं कोनी असतं तं वच्छीकडं इतकं पाह्यलं असतं काय?

आशा : चाला भाऊ. उशीर नोको.

मुखरू : तू कुठी, आशाबाई?

आशा : मी येते.

मुखरू : लेकरू घेऊन? अवं नाई, ते उन्हात कायले? आमी नागपूरले चाललो. तू याले इथीच सांभाळ, तुहे उपकार फेडीन मी. आल्यावर पाहीन ना वच्छी त्याले, पळून चालला काय तो?

सुगंधा : दादा, आणजो म्हणे.

मुखरू : कोन?

सुगंधा : सिस्टर.

मुखरू : लेकराले आणजो म्हणे?

सुगंधा : हो.

मुखरू : अन् डाक्टर? डाक्टर काय म्हणे, गाडी कोनती?

सुगंधा : तो अंदर निंगून गेला.

मुखरू : बरं.

आशा : भाऊ, चाला. उन्हं चढून राह्यले.

मुखरू : हो. थांब जराशी. तनस उतरवतो आंधी. नागभिडापावेतो बैलाले पुरन इतका चारा भरला होता.